कुठे उतरणार?

आमच्या उपनगरांतल्या बायका लोकलच्या डब्यात शिरल्या, की रिकामी जागा शोधीत नाहीत. उठणारी बाई शोधतात. 'कुठे उतरणार?' हा एकच प्रश्न विचारीत बाकामागून बाक पुढे सरकायचे. कोणी 'घाटकोपर' म्हणाली, की तिची जागा सांगून ठेवायची आणि तिच्यासमोर उभे राहायचे. अकरावी-बारावीची दोन वर्षे दादरच्या क्लासहून मुलुंडला परतताना मी याच रीतीने बसत आले. रीत सोपी आहे. पण तिचा सारा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. समोरच्या बाईने खरे सांगितले पाहिजे. 'घाटकोपर' सांगून ठाण्यापर्यंत बसून राहणारी बाई भेटली, तर आपली जागाही गेली आणि दुसरीकडे विचारण्याची वेळही गेली.

२०२४ च्या मेपासून नोव्हेंबरपर्यंत मी हाच प्रश्न दंतवैद्यकाच्या एका जागेसाठी विचारीत उभी होते. फरक इतकाच, की बसलेली माणसे मला दिसत नव्हती.

वर्गातल्या मैत्रिणी अजून विचारतात, 'अग, तू डेंटिस्ट होणार होतीस ना? मग इकडे कशी?' स्टाफरूममध्येही एकदोन प्राध्यापकांनी आपुलकीने हेच विचारले. आता तर काहींची धाकटी भावंडे त्याच परीक्षेला बसत आहेत आणि 'उशिरा जागा मिळते म्हणे, खरे का ग?' अशी चौकशी करतात. प्रत्येकीला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा लेख.

प्रथम, दंतवैद्यकच का, ते सांगते. 'एम.बी.बी.एस. नाही तर निदान बी.डी.एस.' असे पुष्कळजण म्हणतात. माझे तसे नव्हते. मी नववीत असताना आजीचे उरलेसुरले दात गेले आणि तिला घेऊन मी मुंबई सेंट्रलला, महानगरपालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात जाऊ लागले. कवळी एका दिवसात होते अशी माझी समजूत होती. तिला पाचसहा खेपा लागल्या. एकदा हिरड्यांचा साचा घेतला, एकदा दोन्ही जबडे मिटल्यावर त्यांत अंतर किती राहते ते मोजले, एकदा मेणावर दात लावून तोंडात बसवून पाहिले. शिकाऊ डॉक्टर मुलगी आजीला म्हणाली, 'आजी, जरा साठ ते सत्तर आकडे मोजा बघू.' दात नीट बसले, तर 'स' आणि 'श' स्वच्छ उमटतो, हे तिने मला तेव्हा समजावून सांगितले. महिन्याभराने आजीने भाकरी मोडून खाल्ली. त्या दिवशी मी मनाशी ठरवले.

आता परीक्षेविषयी. ५ मे २०२४ रोजी 'नीट' झाली. देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. ४ जूनला निकाल लागला. मग पेपरफुटीचे आरोप, वाढीव गुणांचा वाद, न्यायालय. आणि सुधारित निकाल हाती आला तो २६ जुलैला. खुल्या गटाची पात्रता ७२० पैकी १६२ गुण ठरली. मला त्याहून बरेच अधिक होते. बाबांनी पेढे आणले. ते पेढे घाईचे होते, हे कळायला दोन महिने गेले.

'पात्र' ठरणे आणि 'प्रवेश' मिळणे यांत फार अंतर आहे. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा पन्नासाव्या पर्सेंटाइलवर असते. म्हणजे बसलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या पुढे असलात, की तुम्ही पात्र. त्या वर्षी असे पात्र विद्यार्थी सुमारे १३ लाख होते. एम.बी.बी.एस. च्या जागा एक लाखाच्या थोड्या वर आणि बी.डी.एस. च्या तीस हजारांच्या आत. म्हणजे पात्र ठरलेल्या बहुतेकांना यांतले काहीच मिळणार नसते. आकडेमोड साधी आहे. पण निकालाच्या दिवशी ती कोणी करीत नाही.

महाराष्ट्रात शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत; नायर पालिकेचे. बाकी बहुतेक खासगी. मुंबईच्या आसपासची बरीचशी नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या बाजूला आहेत. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या राज्याच्या यादीतून भरतात. अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीची केंद्रीय समिती भरते. खासगी महाविद्यालयांत राज्याच्या यादीखेरीज १५ टक्के संस्थेचा कोटा असतो. प्रत्येक यादीच्या फेऱ्या होतात: पहिली, दुसरी, तिसरी आणि शेवटी उरल्यासुरल्या जागांची फेरी. 'उशिराची जागा' म्हणतात ती या शेवटच्या टप्प्यातली.

पण जागा उरतात तरी कशा? इतके विद्यार्थी रांगेत असताना जागा रिकामी राहावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याचे उत्तर साखळीत आहे. समजा, एका मुलाला पहिल्या फेरीत बी.डी.एस. मिळाले. त्याला हवे आहे एम.बी.बी.एस. तो ही जागा धरून ठेवतो आणि पुढच्या फेरीची वाट पाहतो. दुसऱ्या फेरीत कोणी राज्याच्या यादीतून अखिल भारतीय यादीत गेला, की त्याच्या एम.बी.बी.एस. च्या जागेवर मागचा सरकतो, त्याच्या जागेवर त्याच्या मागचा, आणि असे सरकत सरकत शेवटी दंतवैद्यकातला एक जण उठतो. म्हणजे दंतवैद्यकाची जागा रिकामी होते ती साखळीच्या टोकाला, सगळ्यांत शेवटी. शिवाय काहीजण प्रवेश घेऊनही वर्गात येत नाहीत. पुढल्या वर्षी पुन्हा 'नीट' द्यायची असते. ही जागा अडलेलीही नसते आणि मोकळीही नसते. ज्यांनी आपण कुठे उतरणार हे सांगितलेले नाही, त्यांच्यासमोर मागचे उभे असतात.

ही केवळ माझी कैफियत नाही. २०२०-२१ सालच्या प्रवेशांत देशातल्या बी.डी.एस. च्या सुमारे ७,००० जागा रिकाम्या राहिल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९-२० साली, शासनाने पात्रतेची रेषा दहा पर्सेंटाइलने खाली आणली होती. या वर्षी मात्र तसे करण्यास नकार दिला होता. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने तो नकार मनमानी ठरवला, रेषा दहाने खाली आणण्यास सांगितले आणि १८ फेब्रुवारीपर्यंत प्रवेश पुरे करायला लावले. म्हणजे दहा दिवस! त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सुचवली, ती मला अधिक मोलाची वाटते. विद्यार्थी यावेत म्हणून खासगी महाविद्यालयांनी आपले शुल्क कमी करण्याचा विचार करावा, असे ते म्हणाले. जागा रिकाम्या राहतात त्या गुणवान मुले संपली म्हणून नव्हे. त्या जागांची किंमत देणारी मुले संपली म्हणून. हे मला पुढे स्वतःच्या अनुभवाने कळले.

बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला लागला होता. 'नीट'चे काही ठरेना, म्हणून आईच्या आग्रहाने मी जूनमध्ये आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष कला शाखेत नाव घातले. 'तात्पुरते' हा शब्द मी तेव्हा इतक्यांदा वापरला, की शेजारी बसणारी मैत्रीण मला 'तात्पुरती' म्हणूनच हाक मारू लागली. पहिल्या फेरीत माझे नाव नव्हते. दुसऱ्या फेरीत नव्हते. तिसऱ्या फेरीत माझ्या पसंतीच्या शेवटच्या महाविद्यालयाची यादी माझ्या थोडी अलीकडे थांबली. दरम्यान मी इतिहासाच्या तासाला मन लावून बसू लागले होते, ही गोष्ट घरी सांगितली नव्हती.

अशा वेळी मधली माणसे भेटतात. अंधेरी स्टेशनजवळ एका गाळ्यात असे एक गृहस्थ बसत. कोणाच्या तरी ओळखीने बाबा मला तिथे घेऊन गेले. पंखा, काचेचे टेबल, भिंतीवर देवाची तसबीर आणि महाविद्यालयांची रंगीत पत्रके. गृहस्थ गोड बोलत. 'संस्थेच्या कोट्यातली जागा आहे, आज टोकन द्या, यादीची चिंता करू नका.' पावती मिळेल का, असे बाबांनी विचारले, तेव्हा ते हसले. आम्ही चहा न घेता उठलो.

त्या हसण्यामागे मोठा इतिहास आहे, तो मी नंतर वाचला. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. जागा वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर देणगीही वाढली. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फी घेण्यास बंदी करणारा कायदा केला. २००५ साली इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी महाविद्यालयांचे प्रवेश गुणवत्तेवर, पारदर्शक पद्धतीनेच झाले पाहिजेत असे सांगितले. २०१५ साली प्रवेश आणि शुल्क यांचे नियमन करणारा राज्याचा कायदा आला. आज संस्थेच्या कोट्यातली जागाही 'नीट'च्या गुणांवरच भरावी लागते. तेव्हा 'यादीची चिंता करू नका' असे सांगणारा माणूस एकतर खोटे बोलतो, नाहीतर तुम्हाला बेकायदा प्रवेशात अडकवतो. पुढे विद्यापीठाने नाव नोंदवून घेतले नाही, तर वर्षही गेले आणि पैसेही गेले. आणखी एक बारकावा असा, की शासनाच्या शुल्कसवलती केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला लागतात, संस्थेच्या कोट्यातल्या जागेला नाही. २०२४ च्या जुलैमध्ये शासनाने मुलींसाठी जाहीर केलेल्या शुल्कमाफीलाही हीच अट आहे, आणि ती माफी ठरावीक प्रवर्गांना आहे. दोन जागा एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या. पण एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट.

दिवाळी झाली. सहामाही परीक्षेचे वेळापत्रक लागले. आणि नोव्हेंबरात एका रात्री शेवटच्या फेरीची यादी आली. त्यात माझा क्रमांक होता! विदर्भातले एक खासगी महाविद्यालय. परवा संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदपत्रे आणि शुल्क घेऊन हजर व्हायचे.

कागदांचे सांगते, कारण अर्धी मुले इथेच अडतात. अधिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मी जूनमध्येच काढून ठेवला होता. आमचा तालुका कुर्ला असला, तरी तहसील कचेरी मुलुंडला आहे. म्हणून मला ते जमले. आरक्षित प्रवर्गातल्या मैत्रिणींना याखेरीज जातपडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअरची प्रमाणपत्रे लागतात. पडताळणीला महिने जातात, तेव्हा ती अकरावीतच सुरू करावी. शारीरिक पात्रतेचा दाखला डॉक्टर त्याच दिवशी देतात. पण सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला. तो माझ्यापाशी नव्हता. तो इथे, आपल्या कार्यालयात जमा होता. तो परत हवा तर इथला प्रवेश रद्द करावा लागणार. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत देण्याची मुदत ३० सप्टेंबर आणि हजार रुपयांपर्यंत कापून देण्याची ३१ ऑक्टोबर ठेवली होती. दोन्ही उलटून गेल्या होत्या. उशिराची जागा आधीच्या जागेचे पैसेही घेऊन जाते.

सकाळी कार्यालयात गेले. खिडकीवरच्या सरांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, 'दंतवैद्यक? छान, छान.' अर्ध्या तासात दाखला माझ्या हातात होता.

राहिला पैसा. सवलत धरूनही पहिल्या वर्षाचे शुल्क, वसतिगृह, खाणावळ आणि उपकरणे यांची बेरीज बाबांच्या वर्षाच्या पगारापुढे जात होती. आम्ही बँकेत गेलो. बँकेने 'नाही' म्हटले नाही. 'पंधरा दिवस लागतील' म्हटले. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही. त्यावर लागते, आणि पाच वर्षांचा सारा हिशेब त्यावर जात होता. आमच्या दोन खोल्या पागडीच्या. ज्या खोल्यांत बाबांचा जन्म गेला, त्या बँकेच्या लेखी आमच्या नव्हत्याच. शिवाय बँकेला आधी प्रवेशाचे पत्र हवे होते आणि महाविद्यालयाला आधी पैसे. या दोन खिडक्यांच्या मध्ये आम्ही दुपारपर्यंत फिरलो. काकांकडून, शेजाऱ्यांकडून, आईच्या भिशीतून जमले ते बाबांनी रात्री खाटेवर मांडले. कोणी काही बोलले नाही. मग बाबा म्हणाले, 'पंधरा दिवस आधी कळलं असतं, तर काहीतरी केलं असतं.'

रात्रीची गाडी गेली. दुसऱ्या दिवशीचे पाचही वाजले.

उशिराच्या जागेविषयी जे कोणी सांगत नाही, ते हे. ती गुणांनी मिळते, पण टिकते ती रोख पैशाने. जूनमध्ये मिळालेल्या जागेसाठी कर्ज काढता येते, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेता येते, गावचा तुकडा गहाण टाकता येतो. नोव्हेंबरात दोन दिवसांत मिळणारी जागा ज्याच्या घरी पैसे तयार आहेत, त्याचीच. फेऱ्या जितक्या लांबतात, तितकी गुणवत्तेची यादी हळूच ऐपतीची यादी होत जाते. यात कोणा एका माणसाचा दोष दाखवता येत नाही, म्हणून तर राग कुठे ठेवावा हे कळत नाही.

आणि समजा, मी गेले असते तर? तेही शांतपणे पाहिले पाहिजे. बी.डी.एस. चार वर्षांचे, वर एक वर्ष प्रत्यक्ष काम. नियमाप्रमाणे वर्षाला २४० दिवस शिकवणे व्हायला हवे. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आणि दातांची रचना. मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरायचा असतो. प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खाच मापात. ते चित्रकलेसारखे बसून बसून हाताला येते. उशिरा येणाऱ्याने मागची सारी शरीररचना रात्री वाचायची आणि दिवसा मेण कोरायचे. असे करून उत्तम दंतवैद्य झालेले पुष्कळ असतील. पण निम्म्या मनाने गेलेल्याला ते झेपणार नाही. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला मी आधी उलट प्रश्न करते: तुला दात हवे आहेत, की नावामागे 'डॉक्टर' हवे आहे? दात हवे असतील, तर पहिल्या फेरीपासून दूरची महाविद्यालयेही पसंतीत लिही. बँकेत निकालाआधी जा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका ओळन्‌ओळ वाच. शेवटच्या फेरीतली जागा सोडल्यास कोणता दंड आहे, ते तिथेच लिहिलेले असते. आणि अधिकृत यादीबाहेरच्या माणसाला एक रुपयाही देऊ नकोस.

तिसऱ्या दिवशी मी दाखला घेऊन पुन्हा कार्यालयात आले. खिडकीशी उभी राहिले, शब्द फुटेना. सरांनी माझ्याकडे पाहिले, खण उघडला आणि माझा अर्ज बाहेर काढला. त्यावर आवक क्रमांक नव्हता. 'म्हटलं, दोन दिवस थांबू या,' ते म्हणाले. 'गाड्या चुकतात कधी कधी.' त्यांनी अर्ज मला परत दिला आणि दाखला फाईलला लावला. मी वर्गात गेले. 'तात्पुरती' आली म्हणून मैत्रिणीने सरकून जागा दिली.

त्या दिवशी प्रथमच एक गोष्ट मनात आली आणि ती अजून जात नाही. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मीदेखील एक जागा धरून बसले होते. आपल्या महाविद्यालयाच्या प्रवेशयादीखाली प्रतीक्षायादी लागली होती; त्यात कोणीतरी मुलगी असेल, जिला तात्पुरता नव्हे, खराच इतिहास शिकायचा होता. भांडुपची असेल, विक्रोळीची असेल. ती माझ्यासमोर उभी होती आणि मी तिला 'ठाणे' की 'घाटकोपर' हे सांगितले नव्हते. माझ्यापुढच्यांवर मी जो राग धरला होता, तो तिने माझ्यावर धरला असता तर मी काय उत्तर दिले असते?

जिथे राहायचे नाही, तिथून लवकर उठावे. आपले ठरले, की फेरीची मुदत संपण्याची वाट न पाहता जागा सोडल्याचे कळवावे. नियम बदलणे आपल्या हाती नाही. पण नोव्हेंबरात सुटणारी जागा ऑगस्टमध्ये सुटली, तर एखाद्या घरच्या बापाला ते पंधरा दिवस मिळतात.

मी आता द्वितीय वर्षात आहे आणि इतिहास घेतला आहे, तात्पुरता नव्हे. आजी अजून त्याच कवळीने भाकरी खाते. 'साठ, एकसष्ट' मोजायला सांगितले की हसते. दंतवैद्यकाचे दुःख संपले असे मी म्हणणार नाही. मुंबई सेंट्रल स्टेशन आले, की मी अजून दाराबाहेर पाहते. पण लोकलमध्ये कोणी 'कुठे उतरणार?' असे विचारले, तर आता मी पुस्तकातून डोके वर काढून खरे ते सांगते, आणि माझे स्टेशन यायच्या थोडी आधीच उठते.